अण्णांचं शेवटचं ताट आणि नानींचं मत

अनुसयाबाईंनी आपलं मत कुणाला जाणार हे मतदानाच्या कितीतरी आधी साऱ्या आळीत सांगून टाकलं होतं, आणि नेमकं त्यामुळेच कुणाचा त्यावर विश्वास बसेना. आमच्या नेरे गावात मत असं सांगायचं नसतं. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ‘तुमचंच की हो’ म्हणायचं, चहा पाजायचा, मागच्या कार्यकर्त्याच्या हातातली पिशवी आत नेऊन ठेवायची आणि त्या दिवशी भावकी जाईल तिकडे जायचं, ही रीत. जी बाई उघड सांगते की मी मेंबरच्या विरोधात बटण दाबणार, ती आतून मेंबरचीच असते, असा इथल्या जाणत्यांचा होरा. तो यावेळी चुकला. कारण साधं होतं: अनुसयाबाईंना खोटं बोलायचा कंटाळा आहे.

आळीत त्यांना सगळे नानी म्हणतात. साठी ओलांडली आहे, पण चालताना आम्हा सुनांना मागे टाकतात. पूर्वी जिथे त्यांचा भाताचा तुकडा होता तिथे आता तीन मजली खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांत हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारी पोरं राहतात. कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा. नानींनी त्यांच्यासाठी स्वतःची हिंदी तयार केली आहे. ‘बाल्टी भरके मत ठेवो, दुसऱ्याको भी नहाना हाय’ असं त्या जिन्यातून ओरडतात आणि पोरांना ते नीट कळतं. खोल्यांच्या खाली, जिथे नकाशात पार्किंग दाखवलंय, तिथे म्हैस बांधलेली असते.

त्यांचे यजमान दामूअण्णा. अण्णांबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे त्यांना भूक सोसायची नाही. माणूस तसा शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जेवायला उशीर झाला की ते काही बोलायचे नाहीत, आपल्या जागेवर येऊन बसायचे, रिकामं ताट पुढे ओढायचे आणि त्यावर बोटांनी ताल धरायचे. तो आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा. आम्ही समजायचो, आज नानींचा पिठाचा डबा गिरणीत अडकलाय. लग्नांमध्ये तर अण्णांची फार परवड. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी मान्यवरांचे आशीर्वाद होतात. मान्यवर म्हणजे गावोगावचे आजी, माजी आणि इच्छुक. त्यातला पहिला माईकपाशी उभा राहिला की अण्णा उठायचे, मांडवाच्या मागे जाऊन आचाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, आणि वधूवरांना सुखी संसाराच्या शुभेच्छा मिळेपर्यंत अण्णांचा मसालेभात संपवून हात धुऊन झालेले असायचे. नानींना याची लाज वाटायची असं नाही. त्या म्हणायच्या, भुकेला माणूस आशीर्वाद काय घेणार.

अशा माणसाने जावं कधी, तर ऐन निवडणुकीत. झेडपीचे अर्ज भरायचे दिवस होते. सकाळी म्हशीला पाणी दाखवून आले, ओट्यावर टेकले आणि गेले. त्रास नाही, दवाखाना नाही. भावकी जमायच्या आत पुढारी जमले. सांत्वनाला येणारा प्रत्येकजण नानींच्या समोर पाय दुमडून बसायचा, एक माणूस फोटो काढायचा, आणि फोटो नीट आला नाही तर पुन्हा बसायचा. नानी त्यातही म्हणाल्या, बसा, चहा घेऊन जावा.

आता इथे मेंबरची ओळख करून द्यायला हवी. आमचा गट महिलांसाठी राखीव, म्हणून झेडपीची मेंबर रेश्मा. पण मेंबर म्हणतात ते तिच्या नवऱ्याला, शेखरला. रेश्माला म्हणतात मेंबरची बायको. फ्लेक्सवर दोघं असतात: तिचा फोटो पासपोर्टच्या मापाचा, त्याचा कमरेपर्यंत, हात जोडलेला. शेखर नानींच्या चुलतदिराचा मुलगा, म्हणजे घरचाच. गावाला पाणी पुरत नाही म्हणून टँकर लागतात, आणि टँकर शेखरचे. तेव्हा पाण्याचा प्रश्न सोडवायची त्याला घाई नसणं हे समजण्यासारखं आहे.

त्याचं मोठं काम म्हणजे ओढ्याकाठचा दशक्रिया घाट. पूर्वी तिथे काही नव्हतं. चार दगड, एक उंबर आणि उंबरावर कावळे. दहाव्याला पिंड ठेवला की कावळा वरूनच खाली उतरायचा, चोच मारायचा, माणसं सुटकेचा श्वास टाकून जेवायला जायची. शेखरने घाटाचं सुशोभीकरण केलं. फरशी आली, पत्र्याची शेड आली, भाषणांसाठी ओटा आला, उद्घाटनाचा दगड आला. ओटा बसवायला जागा कमी पडली म्हणून उंबर तोडला. त्याच्या जागी सिमेंटचे दोन पांढरे बगळे उभे केले. अण्णा आयुष्यात एकदाच ग्रामसभेत बोलले ते तेव्हा. उठून म्हणाले, कावळा काय पत्र्यावर बसायचा हाय का? सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. तेव्हापासून आमच्याकडे कावळ्याची वाट बघावी लागते.

आणि वाट बघता बघता भाषणं होतात. बाहेरच्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण इकडच्या पट्ट्यात दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं असतात, तीही माईकवरून. निवडणूक लागली की सभेला परवानगी लागते, फेरीला लागते, भोंग्याला लागते. दशक्रियेला लागत नाही. त्यामुळे आचारसंहिता सुरू झाली की गावात कोण आजारी आहे याकडे सगळ्या पक्षांचं बारीक लक्ष असतं.

नानींना या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती. पिंड ठेवल्यावर अण्णांना थांबायला लागू नये. बाकी काही नको. त्यांनी मला सांगितलं, जन्मभर त्यांच्यापुढं येळेवर ताट ठिवलं, आता ह्ये शेवटचं. ह्ये गार झालं तर मला झोप न्हाई लागायची. आधी कावळा शिवू दे, मग काय ती भाषणं करा, रातीपर्यंत करा.

त्या मुलाला बोलल्या. अमोल त्यांचा एकुलता. तो म्हणाला, आई, मेंबरला नको कसं म्हणायचं, खोल्यांना पाणी कुटून येतं तुला ठाऊक हाय ना. मग नानी स्वतःच शेखरच्या संपर्क कार्यालयात गेल्या. सुतकातली बाई आपल्या दारात आलेली बघून शेखर खुर्चीतून उठला, कार्यकर्त्यांना बाहेर घालवलं, नानींना पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला तो फार चांगला आहे.

“नानी, दोनच मिनिटं बोलतो,” तो म्हणाला. “अण्णा मला वडलांच्या जागी हुते.”

“वडलांच्या जागी हुते ना,” नानी म्हणाल्या, “मग उपाशी ठिवू नको त्यांना.”

शेखरने मान डोलावली. त्याच दिवशी दुपारी दशक्रियेचा फ्लेक्स चौकात लागला. त्यावर अण्णांचा फोटो पासपोर्टच्या मापाचा होता.

दहाव्याला नानी पहाटेच उठून चुलीशी बसल्या. सुतकात रांधायचं काम आम्हा शेजारणींकडे होतं, पण पिठल्याला फोडणी त्यांनी आम्हाला घालू दिली नाही. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी, भात, जिलेबी. अण्णांना आवडणारं सगळं. भाकरी टोपलीत फडक्यात बांधून त्यांनी मांडीवर धरली आणि अमोलच्या गाडीतून घाटावर आल्या. मी शेजारी होते. टोपलीला हात लावून बघत होत्या, गरम आहे ना.

घाटावर मांडव एवढा की त्यात दोन लग्नं लागली असती. खुर्च्यांना पांढरे कापडी झगे घातलेले, पुढच्या दोन रांगा सोफ्यांच्या. सूत्रसंचालनाला बहिरू. बहिरू आमच्या पंचक्रोशीतला एकमेव आवाज. लग्न, क्रिकेटचे सामने आणि दहावे, तिन्ही तोच करतो आणि एकाच आवाजात करतो. मागे एकदा दहाव्याला त्याने पाहुण्यांचं टाळ्यांच्या गजरात स्वागत करायला सांगितलं होतं, आणि लोकांनी केलंही.

प्रवचन झालं. गुरुजींनी विधी उरकले. अमोलने डोकं भादरलेल्या अवस्थेत पत्रावळ उचलली, ओढ्याकडच्या दगडावर नेऊन ठेवली, हात जोडले आणि मागे सरकला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. पलीकडे मोबाईलच्या टॉवरवर दोन-तीन कावळे बसले होते. त्यातला एक उडाला. ओढा ओलांडून शेडच्या कडेला येऊन बसला. नानींनी माझा हात धरला.

आणि भोंगे कडाडले. “पंचक्रोशीचं लाडकं नेतृत्व,” बहिरू म्हणाला, “ज्यांच्या कल्पनेतून हा भव्य घाट साकारला...”

कावळा टॉवरवर परत गेला.

शेखरची दोन मिनिटं सुरू झाली. त्याने अण्णांचं बालपण सांगितलं, जे त्याने पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. अण्णांचा स्वभाव सांगितला. मग म्हणाला की नेऱ्याचा विकास हे अण्णांचं स्वप्न होतं, आणि विशेष करून हा घाट व्हावा ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती, ती पुरी झालेली बघूनच त्यांनी डोळे मिटले. बायकांच्या बाजूला जरा खुसखुस झाली. नानी फक्त दगडावरच्या पत्रावळीकडे बघत होत्या. भाकरीवर वाफ होती ती गेली होती.

शेखर बसला तसा दुसरा उठला. तो बसला तसा तिसरा. एका माजी सभापतीने अण्णांना ‘दामोदरपंत’ केलं. एकाने ते वारकरी होते असं सांगितलं. अण्णा कधी तालुक्याबाहेर मुक्कामाला राहिले नव्हते, तिकडे जेवणाची वेळ पाळत नाहीत म्हणून. प्रत्येकजण उठला की कावळा एकदा यायचा, पत्र्याच्या कडेवर बसायचा, भोंगा सुरू झाला की जायचा. मधल्या शांततेत बहिरू पुढच्याची बिरुदं वाचायचा, म्हणजे ती शांतताही कावळ्याच्या वाट्याला यायची नाही. पुरुषांपैकी काहीजण ओढ्याकडे तोंड करून अण्णांना शब्द द्यायला लागले. अण्णा, अमोलची काळजी करू नका. अण्णा, म्हस इकणार न्हाई. नानी पुटपुटल्या, “त्यांना म्हशीचं काय पडलंय. त्यांना भूक लागलीय. ह्या लोकांना गप करा.”

तेवढ्यात धम्मदीपा आली.

रेश्माच्या विरोधात उभी राहिलेली ती हीच. शेजारच्या जांबे गावच्या बुद्धवस्तीतली मुलगी, पौडच्या कोर्टात वकिली करते. पैसा नाही, गाड्या नाहीत. ती आणि दोन मैत्रिणी स्कुटीवरून प्रचार करायच्या. आमच्या भावकीत तिच्याबद्दल जे बोललं जायचं ते माईकवरून बोलण्यासारखं नव्हतं. ती आली, चप्पल बाहेर काढली आणि बायकांच्या मागे एका कोपऱ्यात उभी राहिली. पण शेखरची नजर तिच्यावर गेली. त्याने बहिरूच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीचं भाषण होऊन जाऊ दे, एवढ्या मोठ्या वक्त्यांनंतर तिची त्रेधा लोकांना दिसू दे, असा त्याचा विचार असावा. आपण किती मोठ्या मनाचे हेही दिसणार होतं.

बहिरूने नाव पुकारलं, बिरुदं न लावता. धम्मदीपा नको नको अशी मान हलवत होती, पण सगळे वळून बघायला लागले तशी ओट्यावर गेली. माईक हातात घेतला. तोंड उघडलं. भोंग्यातून नुसती हवा आली. तिने घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हवा. मग तिने माईक खाली ठेवला, ओढ्याकडे तोंड केलं, हात जोडले आणि डोळे मिटून उभी राहिली.

पुढच्या सोफ्यावरच्या माजी सभापतींना वाटलं, मौन आहे. ते उठले. ते उठले म्हणून शेखर उठला. शेखर उठला म्हणून सगळा मांडव उठला. बहिरूने माईक उचलायला हात पुढे केला आणि शेकडो माणसं हात जोडून उभी आहेत म्हटल्यावर तोही मागे घेतला.

मौन सुरू करायला कुणीही लागतं. संपवायला मात्र अधिकार लागतो. एरवी ‘बसून घ्या’ म्हणायचं काम बहिरूचं, पण हे मौन त्याने पुकारलेलं नव्हतं. धम्मदीपाने डोळे उघडले तेव्हा समोर सगळा मांडव उभा. ती घाबरली आणि तिने पुन्हा मिटून घेतले. पुढाऱ्यांची तर पंचाईतच झाली. आधी बसणाऱ्याला अण्णांबद्दल आदर कमी, हे उघड होतं. एक डोळा किलकिला करून जो तो दुसऱ्याकडे बघायचा आणि दुसरा अजून उभा आहे म्हणून स्वतः उभा राहायचा. असं निरपेक्ष, पक्षविरहित मौन आमच्या गटाने पूर्वी पाळलेलं नाही. ओढ्याच्या पाण्याचा आवाज येत होता. या घाटावर ओढा ऐकू येतो हे मला त्या दिवशी कळलं.

कावळा आला. पत्र्यावर बसला नाही. थेट दगडावर उतरला, मान तिरकी केली, जिलेबी बाजूला सारली आणि भाकरीचा तुकडा उचलला. मागून दुसरा आला, तिसरा आला.

“शिवला,” नानी म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. अण्णा गेल्यापासून त्या मोकळ्या रडलेल्या नव्हत्या, त्या तेव्हा रडल्या. अमोलने त्यांना जवळ घेतलं. मग माणसं वळली ती थेट जेवायला.

पंगत अर्धी व्हायच्या आत ही बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर होती. मेंबरच्या ग्रुपवर आलं की शेखरदादांच्या हृदयस्पर्शी श्रद्धांजलीने कावळा तत्काळ शिवला. विरोधकांच्या ग्रुपवर आलं की ताईंच्या मौनात ती ताकद होती. धम्मदीपाच्या दोन मैत्रिणींनी तिचा डोळे मिटलेला फोटोही टाकला, खाली ‘संस्कार’ असं लिहून.

नानींनी कुठलाच ग्रुप बघितला नाही. वाढप चाललं होतं तिथे आल्या आणि आम्हा बायकांसमोर म्हणाल्या, “माजं मत त्या पोरीला.”

आणि मग पुढचे दिवस नानींच्या ओट्यावर दुसरीच दशक्रिया चालली. जो तो त्यांचं कारण शोधायला यायचा. कुणी म्हणालं पाण्यावरून असेल. कुणी म्हणालं अमोलला ठेका दिला नाही त्याचा राग. एका हुशार माणसाने शोध लावला की नानींचं माहेर आणि धम्मदीपाचं आजोळ जवळ आहे. रेश्मा साडी घेऊन आली. बिचारी दारातच उभी राहिली, कारण मत मागायचं काम आजवर तिने केलेलं नव्हतं, ते शेखरच करायचा. नानींनी तिला बसवलं, खायला घातलं, साडी तिच्याच मांडीवर परत ठेवली आणि म्हणाल्या, तुजा राग न्हाई गं बाई, तुला तर मी बोलताना अजून ऐकलंच न्हाई. तू एकटी हुबी राहिली असतीस तर तुलाच दिलं असतं.

भावकीतले वडीलधारे जयसिंगतात्या आले. त्यांनी इकडचं तिकडचं बोलून शेवटी आवाज उतरवून विचारलं, आपल्यातलं सोडून वस्तीतल्या पोरीला मत द्यायचं, हे शोभतं का आपल्या घराला. नानी भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “आपल्यातल्यानं आपल्या माणसाला ताटावर ताटकळत ठिवलं तात्या. तुमी पुढं सोफ्यावर हुता. तुमी का न्हाई सांगितलं त्याला गप बस म्हणून?” तात्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत तो संपवला. जाताना अमोलला म्हणाले, आईची तब्येत बघ जरा.

सगळ्यात गमतीची भेट धम्मदीपाचीच. घसा सुटल्यावर ती एका संध्याकाळी एकटीच आली, फोटो काढायला कुणी नव्हतं. नानी म्हशीचं दूध काढत होत्या. तिथेच ती उकिडवी बसली. म्हणाली, मावशी, लोक काहीबाही बोलतायत, पण मला खरं सांगायला हवं. माझा प्रचारात घसा बसला होता. मला भाषणच करायचं होतं, चांगलं तयार करून आणलं होतं. आमच्यात पिंड नसतो, कावळ्याचं मला काही कळत नाही. ते मौन वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं.

“मला कळलं की तवाच,” नानी म्हणाल्या. “हवा ऐकली ना मी.”

“मग तरी मला मत देणार?”

“तू डोळं उघडलंस तवा सगळी हुबी हायेत बगून पुन्यांदा माईक हातात घेता आला असता तुला. घेतला न्हाईस. गप ऱ्हायलीस.”

“घाबरले होते, मावशी.”

“हां. एवढं घाबरणारं कुणीतरी पायजेच की तितं.”

धम्मदीपा हसायला लागली. जाताना नानींनी तिला तांब्याभर दूध दिलं, हळद घालून पी म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळीच शेखरची गाडी दारात. भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेपर्यंत न्यायला तो दर निवडणुकीला स्वतः येतो. मला वाटलं नानी गाडीत बसणार नाहीत. त्या बसल्या, मलाही ओढून बसवलं. आयती गाडी आलीय तर चालायचं कशाला, म्हणाल्या, आणि तो काय परका हाय.

शेखर ड्रायव्हरशेजारी बसला. गाडी चौकातून वळली, तेव्हा आरशात बघत म्हणाला, “नानी, खरं सांगा. गावात उगाच बोलत्यात ना?”

“उगाच कशाला बोलतील. मीच सांगितलंय.”

“त्या पोरीचा घसा बसला हुता, नानी. ती काय मुद्दाम गप न्हाई बसली. मी चौकशी केलीय.”

“मला म्हाईत हाय,” नानी म्हणाल्या. “ती सांगून गेली. पण तू एवढी वर्सं मेंबरकी करतोयस शेखर, तुजा एकदा तरी बसला का?”

ड्रायव्हर खोकल्याचं निमित्त करून खिडकीबाहेर बघायला लागला. शाळेशी गाडी थांबल्यावर मात्र शेखरने उतरून नानींना हात दिला, त्यांना रांगेत पुढे घ्या म्हणून सांगितलं. त्याच्या विरोधात जाणारा मतदार त्यानेच पुढे नेऊन सोडला. नानी आत गेल्या, बाहेर आल्या, शाई लागलेलं बोट त्याला दाखवलं आणि त्याच्याच गाडीतून घरी आल्या.

रेश्मा निवडून आली. जेमतेम आली, पण आली. गुलाल उधळला गेला, फटाके झाले, शेखरच्या गळ्यात हार पडले. रेश्माच्याही गळ्यात एक होता. पण कार्यालयात बूथवार आकडे पुन्हा पुन्हा मोजले गेले. आमच्या शाळेच्या बूथवर धम्मदीपा पुढे होती. भावकीच्या बूथवर. एक नानी असत्या तर समजण्यासारखं होतं. त्या दिवशी मांडवात उपाशी उभ्या राहिलेल्या बऱ्याच जणांनी काहीतरी ठरवलं होतं, आणि ‘तुमचंच की हो’ म्हणून चहा पाजला होता. गद्दार कोण, याच्या बैठका झाल्या. जयसिंगतात्यांचंही नाव निघालं म्हणतात. नानींचं कुणी काढलंच नाही, कारण त्यांनी आधीच सांगितलं होतं.

पुढच्या महिन्यात गावात पुन्हा एक दहावा आला, वरच्या आळीतल्या धोंडाबाईंचा. तोच घाट, तोच मांडव, तोच बहिरू. पत्रावळ दगडावर ठेवली गेली. बहिरूने सवयीने सुरुवात केली, पंचक्रोशीचं लाडकं नेतृत्व. शेखर उठला, माईकपाशी आला. धोंडाबाईंचं नाव घेतलं, ते बरोबर घेतलं. मग त्याची नजर बायकांच्या बाजूला आली. नानी पुढेच बसल्या होत्या. त्यांनी शेखरकडे बघितलं नाही. त्या पत्रावळीकडे बघत होत्या. शेखर थांबला. पुढचं वाक्य जिभेवर आलेलं स्पष्ट दिसत होतं. ते त्याने गिळलं, हात जोडले आणि जाऊन बसला. मेंबरच बसल्यावर बाकीच्यांची भाषणं खिशातच राहिली. बहिरूला काय करावं सुचेना, त्याने भोंगा बंद केला.

“निवडून आलाय, तरी भितोय,” नानी माझ्या कानाशी म्हणाल्या. “म्हंजी मत वाया न्हाई गेलं.”